तिसरा मजला, डाव्या हाताचं दार

१२ जानेवारी

ती. ताईस,

कामातून सुटल्यापासून दिवस कसा काढतोस, असं विचारलंस. सांगतो, पण हसायचं नाही. मी जुनी पोस्टकार्डं गोळा करतो.

हसलीस ना? लहानपणी काडेपेटीत मुंग्या गोळा करायचो म्हणून जन्मभर मला मुंग्या म्हणत आलीस, आता आणखी काय म्हणशील ते म्हण. पण ताई, सगळी हयात दुकानादुकानांत वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. घरात बसलं की हात काहीतरी उचलायला मागतात. कार्ड हलकं असतं आणि तुझ्या भावजयीला त्याची अडगळ वाटत नाही. म्हणजे वाटते, पण कमी.

इथे आमचं एक हौशी मंडळ आहे. शनिवारी औषधाच्या दुकानाच्या माडीवर जमतो. कुणी पुलांची कार्डं जमवतो, कुणी तळ्यांची. आमचे अध्यक्ष फक्त हॉटेलांची जमवतात, म्हणून त्यांना सगळे हॉटेलवाले म्हणतात. त्यांचं म्हणणं, कार्ड कोरंच हवं, लिहिलेलं कार्ड म्हणजे उष्टं ताट. माझं नेमकं उलटं आहे. मी आधी कार्ड पालथं करून मागचा मजकूर वाचतो, मग चित्र बघतो.

गेल्या आठवड्यात भंगारवाल्याकडे बुटांचा एक खोका मिळाला, कार्डांनी गच्च भरलेला. कुठलंसं पोस्ट ऑफिस पाडलं, त्याच्या फळीमागे सापडला म्हणे. सगळ्या कार्डांवर एकच शिक्का आहे, ‘पत्ता अपुरा’. म्हणजे एकही कार्ड कुणाला पोचलेलं नाही. मंडळात अशा कार्डांना फार मान आहे.

त्यातल्या एकावर तळ्याकाठचा बँडस्टँड आहे. मागे शाळकरी अक्षरात लिहिलंय: ‘मावशी, मी रविवारी संध्याकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर ये. तुला मी पाहिलेलं नाही, तेव्हा तूच मला ओळख. निळा फ्रॉक, हातात छत्री. उशीर करू नकोस, मला अनोळखी लोकांची भीती वाटते.’ पत्ता आहे: ‘मावशी, तिसरा मजला, डाव्या हाताचं दार’. खाली फक्त आमच्या शहराचं नाव. शिक्का पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा.

ताई, आम्हीही तिसऱ्या मजल्यावर राहतो. डाव्या हाताला.

त्या पोरीला न्यायला कुणीच गेलं नसणार. मला जेवण जात नाही.

तुझा,
मुंग्या


१७ जानेवारी

चि. मुंग्यास,

जेवण जात नसेल तर पोटाचं औषध घे. माडीखाली दुकान आहेच.

अरे, प्रत्येक इमारतीला तिसरा मजला असतो आणि प्रत्येक माणसाला डावा हात. ती पोर आता आजी झाली असेल. तेव्हा रडली असेल घटकाभर, मग कुणीतरी पोचवलं असेल तिला. माझ्या लाँड्रीत बघ, मागच्या दांडीवर किती कपडे लटकलेत. धुवायला दिले आणि न्यायला कुणी आलं नाही. मी प्रत्येक कोटासाठी जेवण सोडलं असतं तर आज फुंकरीने उडाले असते.

तुझ्या बायकोला घेऊन फिरायला जात जा. दोघं एका घरात राहून एकमेकांशी दिवसाकाठी चार शब्द बोलता, असं तूच मागे लिहिलं होतंस.

ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,

तू सांगितलंस तसं फिरायला गेलो. स्टेशनवर गेलो, रविवारी संध्याकाळी.

तुझी भावजय दारात उभी राहून म्हणाली, “पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला चाललात? मग निदान पिशवी तरी न्या, येताना पाव आणा.” मी पिशवी घेऊन गेलो. फलाटावर बसलो. म्हटलं, निदान कुणीतरी वाट पाहिली एवढं तरी होईल. मनाचं समाधान, दुसरं काय.

गाडी आली. माणसं उतरली, पांगली. शेवटच्या डब्यातून एक बाई उतरली. ताई, निळा फ्रॉक. हातात छत्री. केस पांढरे, गुडघा दुखत असावा, कारण उतरताना आधी छत्री टेकली. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “तुम्ही मावशीकडचे का?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिचे डोळे भरून आले होते.

“गाडीला फार उशीर झाला,” ती म्हणाली. “मध्येच बाजूच्या रुळावर काढून ठेवली. पुढच्या गाडीला वाट द्यायची म्हणाले. मग एकामागून एक गाड्या येतच राहिल्या.”

“इतकी वर्षं?”

“मला वाटलंच, जरा जास्त वेळ लागतोय.”

घरी आणली. तुझ्या भावजयीने दार उघडलं, तर ही थेट तिच्या पाया पडली. “मावशी!” तुझी भावजय माझ्याकडे बघते, मी छताकडे बघतो. बाई तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच असेल. मग तुझी भावजय इतकंच म्हणाली, “पाव आणलात का?”

विसरलो होतो.

मुंग्या


२८ जानेवारी

मुंग्या,

पत्र वाचून हातातली इस्त्री तशीच ठेवली आणि एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर तिचा ठसा उठला. कोटाच्या पाठीवर, त्याच्या नव्हे.

अरे शहाण्या, ती भामटी आहे! रस्त्याने जाणारं विकतचं दुखणं घरात आणलंस. कपाटाला कुलूप लाव. आधी मला सांग: तिचं सामान काय आहे? जेवते किती? मूळची मावशी कोण, कुठे, याची चौकशी केलीस का? आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक साठ वर्षांच्या बाईला बसतो कसा? कपड्यातलं मला शिकवू नकोस. तो फ्रॉक नीट बघ, तिथेच तिचं पितळ उघडं पडेल.

तुझ्या बायकोला विचार, माझं पटतंय का. तिला तरी अक्कल आहे असा माझा समज आहे.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

उत्तराला उशीर झाला. घरात माणूस असलं की वेळ कुठे जातो कळत नाही.

फ्रॉक बघितला. म्हणजे तुझ्या भावजयीने बघितला. जागोजागी शिवण उसवून निळ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्यात, एक पट्टी एका वर्षाची असावी तशा. कापड कुठलं, तर डब्याच्या खिडक्यांचे पडदे. गार्डाने सुईदोरा दिला म्हणे. टाके इतके बारीक आहेत की तुझी भावजय म्हणाली, “भामटी इतकी मेहनत करत नसते.” मग संध्याकाळी दोघी जाऊन नवीन कापड घेऊन आल्या.

सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, शाळेची वह्या-पुस्तकं. जेवते बेताचं. मूळच्या मावशीची चौकशी पोस्टात, पालिकेत, सगळीकडे केली. ‘मावशी’ या नावाची नोंद नाही म्हणतात.

आणि तुझी भावजय! पहिल्या दिवशी तुटक बोलत होती. चौथ्या दिवशी ऐकलं, ती भाचीला रागावत होती, “ओले केस घेऊन गॅलरीत उभी राहू नकोस, सर्दी होईल.” आता सकाळपासून दोघींची टकळी चालू. मलाही मधेमधे बोलावं लागतं. आम्हाला मूल नाही, त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. ते बोलायचं राहिलं म्हणून बाकीचंही बोलायचं राहत गेलं असावं. काल तुझी भावजय म्हणाली, “मूल असतं तर ते इतक्यात हिच्याएवढं झालं नसतं.” आणि आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी.

भाचीला माझी पितळी वजनं आवडतात. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं घेऊन डोळे मिटते आणि फरक सांगते. एकदाही चुकली नाही.

मंडळातून मात्र मला काढून टाकलं. झालं असं, की मी कौतुकाने तिला माडीवर घेऊन गेलो. हॉटेलवाल्यांनी कार्ड भिंगाखाली धरलं, मग तिला नखशिखांत पाहिलं आणि घाम पुसत म्हणाले, “साहेब, हे काय केलंत? न पोचलेलं कार्ड होतं हे! दुर्मीळ! तुम्ही ते पोचवलंत. आता हे साधं पोचलेलं कार्ड झालं, चिल्लर!” मी म्हटलं, “पण माणूस आला ना?” तर म्हणतात, “माणसं सगळीकडे मिळतात.” ठराव एकमताने पास झाला. भाचीने सुद्धा हात वर केला. तिला वाटलं, चहा कुणाला हवा ते विचारतायत.

मुंग्या


२१ फेब्रुवारी

मुंग्या,

सोबत पार्सल पाठवते आहे. राखाडी लोकरी कोट आहे, बाईमाणसाचा. अकरा वर्षं माझ्या दांडीवर लटकला, न्यायला कुणी आलं नाही. मापाचा अंदाज तुझ्या पत्रावरून केलाय. खांद्यात सैल वाटला तर आत दोन चिमट्या घालायला सांग.

याचा अर्थ मी तिच्यावर विश्वास ठेवला असा नाही. गॅलरीत वारा असतो म्हणून पाठवला.

ताई


९ मार्च

ती. ताईस,

कोट चपखल बसला. ती तो घरातही घालते.

पण आज वेगळंच लिहायला बसलोय, आणि हे तुझ्या भावजयीला माहीत नाही. खोक्यातली उरलेली कार्डं चाळत होतो. बरीचशी मी वाचून बाजूला ठेवलीत आणि कुणालाही आणायला गेलेलो नाही. एक सर्कशीच्या मॅनेजरचं आहे, ‘तीन हत्ती घेऊन येतो, मैदान तयार ठेवा’. ते अगदी तळाला ठेवलंय, वर इतर कार्डांचं वजन घालून.

तर त्यात एक पुलाचं कार्ड निघालं. मागे लिहिलंय: ‘मेहुणीबाईंस, मुलगी न सांगता आपल्याकडे निघून आली आहे. गणिताच्या परीक्षेला घाबरून पळाली. रविवारी संध्याकाळच्या गाडीने तिला न्यायला येतो. आपलं घर नवीन, मला ठाऊक नाही, तरी स्टेशनवर भेटावे.’ खाली, ‘तिचे वडील’. पत्ता, तिसरा मजला, डाव्या हाताचं दार.

आता मला एक कळून चुकलंय. घ्यायला कुणी गेलं नाही, की येणारा वाटेतच राहतो. भाचीचं तसंच झालं होतं. म्हणजे मी नाही गेलो, तर तो माणूस कधीच येणार नाही. कुठल्यातरी बाजूच्या रुळावर बसून राहील, आणि भाची आमच्याकडे राहील. मी काहीही करायचं नाही. नुसतं घरी बसायचं. आणि गेलो, तर तो तिला घेऊन जाईल.

परवा तुझी भावजय स्वयंपाक करता करता गुणगुणत होती. मी तिचं गुणगुणणं विसरूनच गेलो होतो.

काय करू? तू सांगशील तसं करीन.

मुंग्या


१३ मार्च

चि. मुंग्यास,

जाऊ नकोस.

तू मला विचारलंस म्हणून सरळ सांगते. माझ्या दांडीवरचा कोट मी तिला दिला. उद्या त्याची मालकीण पावती घेऊन दारात उभी राहिली, तर मी काय करीन? म्हणेन, बाई, उशीर केलात, आता तो कोट कुणाच्या तरी अंगावर ऊब देतोय. आणि अंगावरचा कोट मागून घ्यायला मी काही तुला पत्र लिहिणार नाही.

ज्याला मुलीची एवढी काळजी होती त्याने पत्ता नीट लिहायचा होता. कार्ड परत खोक्यात ठेव, हत्तींच्या खाली. बायकोला सांगू नकोस. तिला सांगितलंस की संपलं, ती मऊ मनाची आहे. इतकी वर्षं मी तिला तुसडी म्हणत होते, ती चूक होती, हेही तिला सांगू नकोस.

तिचं काय चाललंय ते मात्र कळव. भाचीचं म्हणते मी.

ताई


३० मार्च

ती. वन्सं,

मी पत्र लिहिणारी बाई नाही. तुमच्या भावाने लिहायचं ठरवलं होतं, पण दोन ओळी लिहून डोळे पुसत बसले, म्हणून पेन मी ओढून घेतलं.

तुमचं पत्र मी वाचलंय. ते यांच्या उशाखाली होतं आणि चादर मीच बदलते. रागावले नाही. ते कार्ड वाचल्यावर माझ्याही मनात तेच आलं जे तुमच्या आलं. हे बाहेर गेल्यावर मीच कार्ड खोक्यातून काढलं आणि चमच्यांच्या खणात, चमच्यांखाली ठेवलं. म्हटलं, इथे कुणी बघणार नाही. पण वन्सं, चमचे दिवसातून तीनदा लागतात. प्रत्येक वेळी खण ओढला की वाटायचं, एक म्हातारा माणूस कुठेतरी खिडकीशी बसलाय, बाहेरून गाड्या धडधडत जातायत, आणि मी इथे पाव कापतेय.

शेवटी जेवताना कार्ड टेबलावर ठेवलं. हे पांढरेफटक पडले. भाचीने वाचलं. तिचाही चेहरा उतरला. म्हणाली, “बाबांना गणिताचं कुणी सांगितलं?”

“तुला जायचंय का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग नको जाऊया त्यांना आणायला?”

तिने कार्ड पालथं करून पुलाचं चित्र बघितलं. मग म्हणाली, “त्यांना थंडी सोसत नाही, मावशी. डब्यात खिडक्यांना आता पडदे नाहीत.”

तेव्हा रविवारी गेलो, तिघंही. तिने तुमचा कोट घातला होता. गाडी आली. शेवटच्या डब्यातून एक गृहस्थ उतरले. नव्वदीच्या पुढचे, काठीसारखे ताठ, डोक्यावर हॅट. मला म्हणाले, “मेहुणीबाई, बऱ्याच बदललात.” मी म्हटलं, “तुम्हीही.” मग भाचीकडे वळून कडाडले, “चल! सोमवारी परीक्षा आहे. मास्तरांना काय तोंड दाखवू?”

हे मध्ये पडले. “अहो, मुलगी एकसष्ट वर्षांची आहे.”

“म्हणजे आणखीच उशीर झाला!” म्हातारबोवा म्हणाले. “आणि परत जायलाही एवढाच वेळ लागला, तर परीक्षा बुडणार. पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही.” त्यांनी आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. “मास्तरांकडून पेपरच घेऊन आलोय. बस इथे बाकावर आणि सोडव. पास झालीस की सरळ माझ्याबरोबर घरी, पुढच्या वर्गात.”

वन्सं, तिथेच परीक्षा झाली. स्टेशनमास्तर विचारायला आले, म्हातारबोवांनी त्यांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं. पुढची गाडी शिट्टी न वाजवता गेली. भाची मान खाली घालून लिहीत होती, जीभ दातांत धरून. मी समोरच्या बाकावर पदर पिळत होते. मला माहीत होतं ना, तिला येतं ते. डोळे मिटून वजनातला फरक सांगणारी मुलगी. ती पास होणार आणि जाणार.

पेपर तपासायला म्हातारबोवांची नजर पुरेना. भाचीने यांचं वजनकाट्यांचं काम सांगितलं, तसे ते यांना म्हणाले, “तुम्ही काट्यांतले माणूस. तपासा. एका मार्काचीही दयामाया नको.” यांनी जन्मात कधी काटा कुणाच्या बाजूने झुकवला नाही. मी डोळ्यांनी किती विनवलं, पण बघायलाच तयार नाहीत. लाल पेन्सिल घेऊन एकेक गणित तपासत गेले, आणि मला दिसलं, यांची पेन्सिल पुन्हा पुन्हा शेवटच्या ओळीवर अडतेय. काही उत्तरं बरोबर होती. बाकीची चुकलेली, पण प्रत्येक चूक शेवटच्या पायरीवर. रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि शेवटी एकच आकडा इकडचा तिकडे.

“चौतीस,” हे म्हणाले.

“पास व्हायला?”

“पस्तीस लागतात.”

म्हातारबोवांनी पेपराची घडी घातली. हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. मग उभे राहून म्हणाले, “नापास मुलीला कुठल्या तोंडाने घरी नेऊ? राहू दे तिला इथेच वर्षभर. मेहुणीबाई, लक्ष असू द्या. पुढच्या वर्षी पुन्हा पेपर घेऊन येतो.”

आम्ही किती आग्रह केला, घरी चला, निदान चहा तरी घ्या. नाही म्हणजे नाही. परतीची गाडी समोरच उभी होती, तीत जाऊन बसले. भाचीने अंगातला कोट काढून त्यांच्या गुडघ्यांवर घातला. तुमचा कोट गेला, वन्सं, रागावू नका. ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, “बाबा, वाटेत गाडी थांबली तर पाय मोकळे करा.” ते म्हणाले, “मी काय लहान आहे?” आणि हात बाहेर काढून तिच्या पांढऱ्या केसांवरून फिरवला. “वाढलीस गं,” म्हणाले.

ती पाणी आणायला नळाकडे गेली तेव्हा त्यांनी मला खिडकीजवळ बोलावलं. हळूच म्हणाले, “हिचं गणित पहिल्यापासून उत्तम. परीक्षेचं निमित्त करून का पळाली, मी कधी विचारलं नाही. तुम्ही तिला ओरडू नका.” मग गाडी हलली.

आम्ही घरी निघालो. जिन्यात हे एकदम म्हणाले, “मी प्रामाणिकपणेच तपासले हं.” मी म्हटलं, “माहीत आहे. म्हणून तर माझ्यासोबत जिना चढताय, नाहीतर फलाटावर ठेवून आले असते.”

तुम्ही आता मनात काय असेल ते काढून टाका आणि दुकान चार दिवस बंद करून इकडे या. तुम्हाला तुसडी म्हणणारी मीही होते, तेव्हा आपली फिटंफाट.

भाची बरी आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावून गणिताचं पुस्तक उघडून बसते, हे तिला अपूर्णांक समजावतात, आणि दोघांचा इतका गोंगाट होतो की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मला राहवेना. म्हटलं, “अगं, पुढच्या वर्षीही नापासच व्हायचंय ना? मग एवढा अभ्यास कशाला?”

तर पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, “मावशी, नेमके चौतीस पाडायचे तर सगळं यायला नको का?”

तुमची,
भावजय